दिवाणावरचं गोंदिया जंक्शन

आज आपल्याला गोंदिया जंक्शन घरी आणायचं आहे. ठेवायचं दिवाणावर. गादी उचलायची, खालची फळी मोकळी करायची आणि आठ दिवस दिवाण कोणी परत मागणार नाही असं घरच्यांकडून कबूल करून घ्यायचं. आठ दिवस म्हणजे नेमके किती, ते नंतर बघू.

आधी एक आकडा पाठ करा: 87. मॉडेल रेल्वेचं जगात सगळ्यात जास्त चालणारं माप म्हणजे एचओ. खऱ्या वस्तूच्या लांबीला, रुंदीला, उंचीला 87 ने भागलं की मॉडेलचं माप मिळतं. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी 1998 साली छोट्या रेल्वेचं संग्रहालय उघडलं, तिथलं अख्खं शहर याच मापाचं आहे. सर्कशीचा तंबूसुद्धा.

भागून बघा. तुमची उंची 130 सेंटिमीटर असेल, तर या गावात तुम्ही दीड सेंटिमीटर. गोंदियाच्या शेतांत दिसणारा सारस उंच माणसाला टक्कर देतो. तो दोन सेंटिमीटरच्या आतबाहेर. एकवीस मीटरचा प्रवासी डबा होतो 24 सेंटिमीटरचा. इथवर सगळं झकास!

आता गोंदियावरून रोज धडधडत जाणारी मालगाडी घ्या. 58 वाघिणी. भागून भागूनही सात मीटर! आणि दिवाण फक्त सहा फुटांचा. नागपूर तर विचारूच नका. रुळांनी ते साधारण 130 किलोमीटरवर आहे, म्हणजे मॉडेलमध्ये दीड किलोमीटर. दिवाणावरून निघालेली गाडी पार गल्लीबाहेर, चौक ओलांडून जाईल.

म्हणून मॉडेलवाले एक लबाडी करतात. इंजिनामागे सहाच वाघिणी लावतात आणि शेवटची वाघीण राईस मिलच्या पत्र्याआड जाईल अशी मिल उभी करतात. शेपूट दिसलं नाही की डोळा स्वतःच उरलेल्या बावन्न वाघिणी जोडून घेतो.

पण वळणापाशी लबाडी अवघड होते. आपल्या ब्रॉडगेजचे रूळ 1676 मिलिमीटर अंतरावर असतात आणि ही गाडी फार झटकन वळू शकत नाही. तिच्या वळणाची त्रिज्या निदान 175 मीटर लागते. भागिले 87, दोन मीटर. पूर्ण गोल फिरवायचा तर चार मीटरची जागा! खेळण्याच्या दुकानातले रूळ 36 सेंटिमीटरच्या त्रिज्येतही वळतात, हे खरं. पण मग लांब डब्यांचे कोपरे वळणावर बाहेर येतात आणि तुम्ही प्रेमाने चिकटवलेला सिग्नल उडवून देतात.

मग हरलो का? अजिबात नाही. गोंदियातल्या आजी-आजोबांना विचारा, ते ‘छोटी लाईन’ म्हणतील. इथून बालाघाट, नैनपूर करत सातपुडा चढून जबलपूरला जाणारी नॅरोगेज. 1905 च्या सुमारास ती पूर्ण झाली. गोंदियातून ती आधी बंद झाली, जबलपूरच्या बाजूला मात्र 2015 पर्यंत धावत होती. तिच्या दोन रुळांत अंतर फक्त 762 मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. आणि ती वळायची किती? 44 मीटरच्या त्रिज्येतसुद्धा. करा भागाकार. अर्धा मीटर! एक मीटरचा गोल. दिवाण चार फूट रुंद. बसली की गाडी!

ही गंमत उगाच जमलेली नाही. त्या वेळच्या इंजिनिअरांपुढे सातपुडा होता, तुमच्यापुढे दिवाण आहे. अडचण एकच, जागा नाही. जी गाडी पटकन वळते ती डोंगर न फोडता त्याच्या कडेकडेने जाते. खोदाई कमी, बोगदे कमी, खर्च कमी. डोंगराच्या कुशीत मावणारी गाडी दिवाणावरही मावते.

रूळ कुठून आणायचे? 762 भागिले 87 म्हणजे 8.76. बाजारात याहून छोट्या मापाच्या गाड्यांसाठी 9 मिलिमीटरचे रूळ मिळतात. तेच घ्यायचे, पाव मिलिमीटरवरून कोण भांडतंय! मोठी, ब्रॉडगेजची लाईन सरळच ठेवू; तिला खरं तर 19.3 मिलिमीटरचे रूळ हवेत, पण दुकानात मिळतात 16.5 चे, कारण ते परदेशातल्या 1435 मिलिमीटरच्या रुळांवर बेतलेले. त्यामुळे आपली बहुतेक मॉडेल इंजिनं जरा पाय जवळ घेऊन उभी राहिल्यासारखी दिसतात.

गाडीत बॅटरी नसते. 12 व्होल्टची वीज एका रुळातून चाकात चढते, मोटर फिरवते आणि दुसऱ्या रुळातून परत जाते. दोन्ही तारांची अदलाबदल केली की गाडी उलटी चालते. एक सांगून ठेवतो, गाडी उलट्या दिशेने परत येईल असा रूळ वळवून पुन्हा त्याच रुळाला जोडू नका. डावा रूळ उजव्याला भिडतो आणि शॉर्टसर्किट होतं. मी हे केलंय. दोन तास इंजिन उघडून बसलो होतो आणि इंजिन बिचारं ठणठणीत!

वेगालाही तोच 87 चा हिशेब. तीन सेकंदांत गाडी गोल फिरली तर टाळ्या वाजवू नका. 87 ने गुणलं तर ती ताशी 330 किलोमीटरने गेली, छोटी लाईन नव्हे, बुलेट ट्रेन! ताशी तीसने चालवायची तर एका फेरीला अर्धा मिनिट लावा.

आता गाव. डिंकाला हिंदीत गोंद म्हणतात आणि त्यावरूनच गोंदिया नाव पडलं असं सांगतात, तेव्हा डिंकाची बाटली लागणारच. रुळाखालची खडी या मापात पाऊण मिलिमीटरची. रवा अगदी तेवढाच असतो, पण वापरू नका, दुसऱ्या दिवशी रुळांवर मुंग्यांची मालगाडी दिसेल. चाळलेली वाळू बरी. धानाच्या बांध्यांना धुरे हवेत, ते मातीचे. रोवणी झालेलं धान जुन्या ब्रशच्या केसांचं. मोहाचं झाड वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीचं. बोडी, म्हणजे छोटं तळं, करायला हिरव्या रंगावर काच. काठाला तो दोन सेंटिमीटरचा सारस, आणि एकटा नको, जोडीच ठेवा.

सगळ्यात सुंदर काम शेवटी. छोट्या लाईनची वाघीण मोठ्या लाईनवर जाऊ शकत नव्हती, म्हणून जंक्शनवर माल एका गाडीतून दुसऱ्या गाडीत चढवावा लागे. दोन्ही रुळांमध्ये एक फलाट बांधा. पोती कशाची करायची? स्वयंपाकघरात जाऊ नका, शेतात जा. टरफलासकट धानाचा एक दाणा घ्या. लांबी आठ मिलिमीटर, रंग बारदान्याचा. 87 ने गुणा: सत्तर सेंटिमीटर. हुबेहूब भरलेलं पोतं! चिमट्याने एकेक उचला, छोट्या वाघिणीतून काढा, फलाटावर रचा, मोठीत भरा. चाळीस पोती झाली की हिरवा सिग्नल.