उंच ट्रायपॉड घेताय? आधी मधला दांडा खाली करून उंची बघा

पन्नास-साठ हजारांचा कॅमेरा आणि त्याच्याखाली हजार-दीड हजारांचा ट्रायपॉड. नव्याने पोर्ट्रेट काढायला लागलेल्या अनेकांचं बजेट असंच असतं. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोऱ्यासारख्या तालुक्याच्या ठिकाणी तर अडचण आणखी वाढते. नागपूरचा कॅमेरा बाजार इथून साधारण दोनशे किलोमीटरवर. त्यामुळे ट्रायपॉड हातात न घेताच ऑनलाइन मागवावा लागतो. ऐन लग्नसराईत त्याचा पाय घसरला तर कॅमेराही जातो आणि हातातलं कामही.

मग स्वस्तात उंच आणि मजबूत ट्रायपॉड ओळखायचा कसा?

खोक्यावरची उंची खरी असते का?

खरी असते, पण बहुतेकदा ती मधला दांडा पूर्ण वर काढून मोजलेली असते. हा दांडा वर काढला की कॅमेरा तीन पायांवर नाही, तर एका काठीवर उभा राहतो. थोडा वारा आला तरी हलतो. खोक्यावर १७० सेंमी लिहिलेला ट्रायपॉड दांडा खाली केल्यावर १४० सेंमीवर येऊ शकतो. त्यामुळे विकत घेताना दांडा खाली असतानाची उंची बघा.

नेमकी किती उंची लागते?

साडेपाच फुटी माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण १५५ सेंमीवर असतात. लेन्स कॅमेऱ्याच्या तळापासून चार-पाच सेंमी वर असते. म्हणजे उभ्या माणसाचा चेहरा डोळ्यांच्या रेषेत टिपायला दांडा न काढता, हेडसकट १५० सेंमी उंची पुरते. माणूस खुर्चीवर बसला असेल किंवा फोटो पूर्ण उंचीचा असेल, तर कॅमेरा त्याहून खालीच लावतात. तुमचं काम अशाच फोटोंचं असेल, तर जास्त उंचीसाठी पैसे मोजू नका.

मजबुती कशी ओळखायची?

वजन पेलण्याचा आकडा प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने ठरवते. म्हणून कॅमेरा आणि लेन्सच्या एकूण वजनाच्या तिप्पट क्षमता धरा. दीड किलोचा सेट असेल, तर साडेचार-पाच किलो.

पाय चारऐवजी तीन टप्प्यांचे असलेले बरे. टप्पे वाढले की शेवटची नळी बारीक होते आणि सांधेही वाढतात. कार्बन फायबर हलकं असतं, पण महाग. कमी बजेटमध्ये ॲल्युमिनियमच घ्या, थोडं जड असलं तरी चालेल. क्लिपचं लॉक चिखल-धूळ लागल्यावर पुसायला सोपं. अनेक मॉडेलमध्ये ते सैल झालं तर घरीच आवळता येतं. जवळ दुरुस्तीचं दुकान नसेल, तर ही सोय मोठी ठरते.

पोर्ट्रेटसाठी कॅमेरा उभा करावा लागतो. तेव्हा सगळं वजन एका बाजूला झुकतं. त्या बाजूला एक पाय येईल असा ट्रायपॉड ठेवा. प्लास्टिकचं हेड असेल तर कॅमेरा हळूहळू खाली वाकतो, म्हणून धातूचं बॉल हेड घ्या.

पार्सल आल्यावर काय करायचं?

परत करण्याची मुदत संपण्याआधी पाय पूर्ण उघडा, दांडा खाली ठेवा आणि वरून हाताने दाबा. एखादी नळी आत सरकली तर ट्रायपॉड परत करा. मग हेड हलकेच पिळून बघा. शेवटी कॅमेरा लावून स्क्रीनवर चित्र झूम करा आणि पायाला टिचकी मारा. थरथर लगेच थांबली पाहिजे.

एक गोष्ट मात्र कोणताच ट्रायपॉड करत नाही. सागाच्या दाट सावलीत १/३० सेकंदाचा शटर ठेवला, तर कॅमेरा स्थिर राहील, समोरचा माणूस नाही. त्याने मान हलवली की चेहरा पुसट येणार. अशा वेळी आयएसओ वाढवून शटर १/१२५ च्या आसपास न्या.

बजेट कमी पडत असेल तर उंचीत दहा सेंमी कमी घ्या, पण पाय जाड घ्या. थोडा खालून काढलेला फोटो चालून जातो, पडलेला कॅमेरा नाही.