आधी नावं जुळवा, मग तिकिटं काढा

दुबईची सहल ठरली की किनवटच्या घरातही पहिली चौकशी तिकिटांची होते. त्याआधी सगळ्यांची कागदपत्रं शेजारीशेजारी मांडा. आधारवर ‘शेख’, शाळेच्या दाखल्यावर ‘शे.’, कुठे ‘मोहम्मद’, कुठे ‘मो.’, आणि दादीचं नुसतं ‘जैबुन्निसा’, आडनाव नाहीच. नोव्हेंबर २०२२ पासून अमिरातीने पासपोर्टवरच्या अशा एकाच शब्दाच्या नावांबाबत पर्यटक व्हिसाचे नियम कडक केले आहेत. म्हणून नावाची दुरुस्ती पासपोर्टच्या अर्जाआधीच करा. नांदेडच्या चकरा वाचतील. मुलांचा पासपोर्ट साधारण पाचच वर्षं चालतो, तोही तपासा. प्रवासाच्या वेळी प्रत्येक पासपोर्टची किमान सहा महिने मुदत शिल्लक हवी. सगळे निघाले आणि दादी एकटी घरी, तर ती सहल कसली?