पागोळीचं पाणी, न्हाणीचं पाणी

शिमगा सरला की खाडीकाठच्या विहिरी मचूळ होऊ लागतात. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. मग ग्रामसभेत एकच मागणी, बोअर मारा, खोल मारा. आम्ही बचत गटाच्या बायका यंदा या मागणीला नाही म्हणणार आहोत. का, ते ऐका.

गोडं पाणी हलकं, समुद्राचं खारं पाणी जड. किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं, दुधावर साय धरते तसं. समुद्रसपाटीच्या वर ते जितकं, त्याच्या साधारण ४० पट सपाटीखाली, असा भूजलाचा ठोकताळा आहे. म्हणजे उपशाने वरची पातळी कायमची १ फूट उतरली, तर खालचं खारं पाणी हळूहळू ४० फूट वर येऊ शकतं. खोल बोअर म्हणजे खाऱ्याच्याच दारात जाणं. आणि खारावलेली विहीर पुन्हा गोडी व्हायला वर्षं लागतात.

समुद्राचं पाणी गोडं करता येतं. चेन्नईजवळ मिंजूरला २०१० साली रोज १० कोटी लिटरचा कारखाना झाला. पण त्यात हजार लिटरमागे तीन-चार युनिट वीज जाते. वाडीला हे झेपणारं नाही.

आपल्या छपराचं बघा. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. रत्नागिरीकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पडतो. २० चौरस मीटरच्या पडवीवरून ६० हजार लिटर पागोळ्यांनी वाहून जातं! पाच माणसांना प्यायला-रांधायला रोज २५ लिटर धरले, तर फेब्रुवारी ते मे ३००० लिटर पुरतात. तेवढीच टाकी हवी. पहिले पाऊस सोडून द्यायचे, पन्हळीला जाळी लावायची, टाकी सप्टेंबरात भरून अंधारी झाकायची. पाणी उकळूनच प्यायचं.

उरलं बागेचं. न्हाणीमागे केळ, अळू लावायची रीत आपल्या आज्यांचीच. पाच जणांच्या अंघोळीचं रोज शंभरेक लिटर होतं, तेवढा उपसा वाचतो. सोड्याचं धुणवणी मात्र केळीला नको, माडाला द्या. माड खारं सोसतो. कच्च्या खायच्या भाजीला यातलं काहीच घालू नका, आणि साठवूही नका, दुसऱ्या दिवशी घाण येते.

ग्रामसभेला येताना छपराची लांबी-रुंदी मोजून आणा.