शूराचा मान आणि त्याच्या पत्नीचा मान

सातारा जिल्ह्यास शौर्याची ओळख करून द्यावी लागत नाहीं. पहिल्या महायुद्धांत एकट्या आपशिंगे गांवचे ४६ शिपाई कामास आले. लोक त्या गांवास 'मिलिटरी आपशिंगे' म्हणूनच ओळखतात. याच जिल्ह्यांतील पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक यांचें स्मरण करतांना मात्र केवळ गौरवाचे शब्द लिहून आम्हांस थांबतां येत नाहीं.

१९६१ सालीं सातारा येथें निघालेल्या सैनिक शाळेचे ते विद्यार्थी. ईशान्य भारतांतील कामगिरीबद्दल त्यांस सेनापदक मिळालें होतें. ता. १७ नोव्हेंबर २०१५ रोजीं काश्मिरांत कुपवाड्याच्या जंगलांत दहशतवाद्यांशीं लढतांना त्यांनीं प्राण वेचले. ४१ राष्ट्रीय रायफल्स या तुकडीचे ते प्रमुख होते. तरी शिपायांस पुढें धाडून आपण मागें राहिले नाहींत. २०१६ च्या प्रजासत्ताकदिनीं त्यांस मरणोत्तर शौर्यचक्र जाहीर झालें.

त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक या शिक्षिका व दोन मुलांच्या माता. पतीच्या मागें सैन्यांत जाण्याचा त्यांनीं निश्चय केला. वयाची अट सरकारनें शिथिल केली. पण निवडीची कसोटी त्यांस स्वतःच उतरावी लागली. चेन्नई येथील खडतर शिक्षण पुरें करून सप्टेंबर २०१७ मध्यें त्या लेफ्टनंट झाल्या. साऱ्या महाराष्ट्रानें त्यांचें कौतुक केलें, तें योग्यच झालें.

परंतु आमच्या सुज्ञ वाचकांस एक प्रश्न विचारावासा वाटतो. आपल्याच आळींतील विधवा भगिनीस आपण कसें वागवितों? हळदीकुंकवाचें बोलावणें तिला जातें काय? लग्नमंडपांत पुढें होऊन ती मुलीस ओवाळूं शकते काय? सकाळीं भवानीच्या वेळीं ती दुकानाची पायरी चढली, तर कपाळास आठी पडत नाहीं काय? प्रत्येकीस लेफ्टनंट होतां येणार नाहीं, आणि पराक्रम करील तिलाच मान मिळेल अशी अट घालणें हा तर उघड अन्याय होय. शिपायाच्या प्रेतावर फुलें उधळावयाचीं आणि त्याच दिवशीं त्याच्या पत्नीच्या हातांतील बांगड्या फोडावयाच्या, हा कोणत्या प्रकारचा सन्मान?

'ही रूढि बायकाच चालवितात,' असें कांहीं गृहस्थ म्हणतील. पण घरांतील इतर सर्व गोष्टींत ज्यांचा शब्द अखेरचा, त्यांनीं येथेंच तेवढें मौन कां धरावें?

कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड ग्रामपंचायतीनें मे २०२२ मध्यें ठराव करून कुंकू पुसणें, बांगड्या फोडणें, मंगळसूत्र तोडणें या चाली बंद केल्या. त्याच महिन्यांत राज्यसरकारनें इतर गांवांस तोच कित्ता गिरविण्यास सांगितलें. पण ठराव कागदावर होतो, त्याचें पालन उंबरठ्याच्या आंत व्हावयाचें असतें.

कर्नल महाडिकांचें खरें स्मारक उभारावयाचें असेल, तर प्रत्येक कुटुंबानें येत्या मंगलकार्याचें पहिलें बोलावणें अशा एका भगिनीस द्यावें. यास वर्गणी लागत नाहीं. मनाचा निर्धार मात्र लागतो.