पोस्टातली पुंजी

मुंबईच्या गिरण्यांची धुराडी धूर ओकत होती, तेव्हाची गोष्ट. कोकणातल्या घराच्या खळ्यात पोस्टमन उभा राहिला की घरची बाई चूल सोडून लगबगीने बाहेर येई. चाकरमान्याची मनिऑर्डर! पोस्टमन खालच्या तुकड्यावरचा दोन ओळींचा मजकूर वाचून दाखवी, ती साक्षीदारासमोर अंगठा उठवी आणि रोख नोटा तिच्या हातात पडत. टपालखात्याने ही सोय १८८० साली केली.

पण हाती आलेला पैसा टिकावा कसा? वाण्याची उधारी भागवून उरलेले चार पैसे डब्यात ठेवावेत, तर त्यांना पाय फुटायचे! त्यासाठी १८८२ पासून पोस्टाची बचत बँक होती. ही कल्पना मूळची विलायतेतली. तेथे ग्लॅडस्टनसाहेबांनी १८६१ मध्ये ती अमलात आणली. मोठ्या बँकेच्या पायऱ्या चढायला गरीब माणूस बिचकतो; पोस्टात मात्र तो कार्ड घ्यायला जातोच, हे त्यामागचे साधे मर्म.

आपल्याकडे याला आणखी एक बाजू होती. १८७३ च्या सरकारी बचत बँक कायद्यात, विवाहित स्त्रीची ठेव तिला स्वतःला परत देता येईल, असे कलमच होते. बाईच्या नावावर भांडेसुद्धा नसे, त्या काळात हे लहानसे पासबुक म्हणजे केवढा आधार!

गिरण्या बंद पडल्या, मनिऑर्डरीचा तो थाटही सरला. २०१८ च्या सप्टेंबरात इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक सुरू झाली, आणि आता पोस्टमनच्या झोळीत यंत्र आले. आधार क्रमांक सांगावा, बोट टेकवावे आणि खात्यातले पैसे दारातच घ्यावेत. तालुक्याला जाण्याचे एस.टी.चे भाडे वाचते, बुडणारी मजुरीही वाचते.

तथापि सारेच आलबेल नाही. कष्टाने झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्राला कधी कधी ओळखू येत नाही. शिवाय ही पेमेंट्स बँक ठेव घेते, पण स्वतः कर्ज देऊ शकत नाही. बी-बियाण्याची किंवा दवाखान्याची नड आली, की पुष्कळांना अजूनही सावकाराचाच उंबरठा दिसतो. पुंजी ठेवायला पोस्ट आणि नडीला सावकार, ही फारकत मिटेल तेव्हाच हे काम पुरे झाले म्हणायचे.

तोवर आपल्या हातून एक गोष्ट होण्यासारखी आहे. आपल्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंना आपण दिवाळीत साडी देतो, फराळाचा डबा देतो. सुट्टी सरली, की एक सकाळ त्यांच्याबरोबर पोस्टात जाऊन यावे. बचत खात्याला पाचशे रुपये लागतात. आवर्ती ठेव महिना शंभर रुपयांपासून उघडते. पहिला हप्ता आपण भरावा. मात्र पासबुकावर नाव त्यांचेच असू द्यावे, आणि ते त्यांच्याच हाती द्यावे.