शिष्यवृत्तीचे पत्र आले, अटी कोण वाचणार?

गेल्या वर्षी जूनमधला एक रविवार. वंदना आटोपून आम्ही विहारातच मुलांचे फॉर्म भरायला बसलो होतो. बुधवार पेठेतील एक भगिनी मुलीला घेऊन आल्या. विड्या वळून त्यांनी घर चालवले आहे. एका हातात पेढ्यांचा पुडा, दुसऱ्यात एका खासगी विद्यापीठाचे पत्र. "दादा, पोरीला स्कॉलरशिप लागली. अर्धी फी माफ!"

पत्राच्या पहिल्या पानावर अभिनंदन होते. दुसऱ्या पानावर, बारीक अक्षरांत, अटी. सवलत फक्त शिक्षण शुल्कात. वसतिगृह, मेस, परीक्षा शुल्क, अनामत वेगळी. दरवर्षी ठरावीक गुण राखले आणि एकही विषय राहिला नाही, तरच पुढच्या वर्षी सवलत चालू. जागा राखून ठेवायची तर पाच दिवसांत पैसे भरायचे. कागदावर चार वर्षांचा हिशेब मांडला. सवलत वजा जाऊनही बेरीज सहा लाखांच्या वर गेली. बाईंनी पुडा हळूच बाजूला ठेवला.

खासगी विद्यापीठे वाईट असे मला म्हणायचे नाही. बाबासाहेब ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, तेही खासगीच. त्यांच्या शिष्यवृत्तीलाही अटी होत्या. बडोदे संस्थानची ती शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांची. ४ जून १९१३ रोजी त्यांनी करारावर सही केली, शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याच्या अटीवर. मुदत संपली तेव्हा, १९१७ साली, लंडनचा अभ्यास अर्ध्यावर टाकून त्यांना परतावे लागले. हे आपण भाषणांतून ऐकतो. पण निघण्यापूर्वी त्यांनी एक काम केले, त्याकडे आपले लक्ष जात नाही. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून घेऊन ठेवली. मग सिडनहॅम कॉलेजातील पगारातून पैसे साठवले, मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेतले आणि १९२० साली, मुदतीच्या आत, ते पुन्हा लंडनला पोहोचले. १९२१ ला एम.एस्सी., १९२३ ला डी.एस्सी.

शिक्षणाच्या खर्चाची झळ सोसलेल्या या माणसाने आपल्या मुलांसाठी काय केले ते सोलापूरकरांनी तरी विसरू नये. बहिष्कृत हितकारिणी सभेचे वसतिगृह ४ जानेवारी १९२५ रोजी आपल्याच गावात निघाले. त्याला सोलापूर नगरपालिका महिना ४० रुपये देत असे. पुढे बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, १९४४ साली, अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज महाडीबीटीवर आपण जो अर्ज भरतो तो तिचाच. केंद्राच्या २०२१ च्या नियमांत पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. तिला ९० टक्के लागत नाहीत. मात्र व्यावसायिक अभ्यासक्रमाला कॅपमधून प्रवेश लागतो, व्यवस्थापन कोट्याला ती मिळत नाही. खासगी विद्यापीठे प्रवेश आपल्याच पद्धतीने देतात. तेव्हा "आमच्या मुलाला शासनाची शिष्यवृत्ती इथे मिळेल का?" हे पैसे भरण्याआधी विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. तोंडी "होईल हो" याला किंमत नाही.

आता मुदतीचे. आपली मुले गुणांत कमी पडत नाहीत, कागदांत कमी पडतात. निकाल लागल्यावर पालक तहसीलकडे उत्पन्नाच्या दाखल्यासाठी धावतात, तेव्हा सारा जिल्हा तिथे उभा असतो. दाखला एप्रिल-मेमध्येच काढावा. जातपडताळणीला त्याहून वेळ लागतो. १९९० पासून केंद्राच्या यादीतही बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती आहेत, पण शाळेच्या दाखल्यावर नुसते 'बौद्ध' असले की समिती जुना पुरावा मागते. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा. आजोबांच्या शाळेची नोंद शोधायला अकरावीतच गावी जावे. बारावीच्या सुट्टीत गेले तर मुख्याध्यापक सुट्टीवर!

एक छोटी शिष्यवृत्ती बरेच जण सोडून देतात. दहावीला ७५ टक्के किंवा जास्त मिळालेल्या आपल्या मुलांना अकरावी-बारावीत राजर्षी शाहू महाराज गुणवत्ता शिष्यवृत्ती असते, महिना ३०० रुपये, दहा महिने. रक्कम थोडी आहे, मान्य. पण त्या निमित्ताने आधार, बँक खाते, जातीचा दाखला हे सगळे दोन वर्षे आधीच जागेवर येते.

त्या मुलीने सीईटी दिलीच होती. पाच दिवसांची मुदत आम्ही जाऊ दिली. आईला ती रात्र झोप लागली नाही, खरे सांगायचे तर मलाही नाही. कॅपच्या दुसऱ्या फेरीत तिला सोलापुरातच अभियांत्रिकीला जागा मिळाली. जेवण घरचे.

परवा ती नूतनीकरणाचा अर्ज भरायला आली होती. बँक खात्याला आधार जोडलेले दिसेना. आधी बँकेत पाठवली.