‘आमच्या गोंदियावर कोण हल्ला करणार?’

गोंदिया जिल्ह्यातील एखाद्या राईस मिलच्या कचेरीत अथवा पतसंस्थेच्या कार्यालयात संगणकांच्या सुरक्षेचा विषय काढावा आणि “मुंबई-पुण्याचं ठीक आहे, आमच्या गोंदियावर कोण हल्ला करणार?” हे उत्तर यावे, असे इतक्या वेळा घडले आहे, की या समजाचा मला आता उद्वेग वाटू लागला आहे.

हल्लेखोर गाव पाहून येत नाही. त्याची यंत्रे इंटरनेटवरील पत्ते अहोरात्र एकामागून एक चाचपीत असतात आणि जे दार उघडे सापडेल त्यातून आत शिरतात. ते दार मुंबईचे की सडक-अर्जुनीचे, हे त्यांना ठाऊकही नसते. जून २०१७ मध्ये युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून पसरलेल्या ‘नॉटपेट्या’ या घातक प्रोग्रामने न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज ठप्प केले, तेव्हा त्या बंदराशी कोणाचे वैर नव्हते. त्याच वर्षी १२ मेपासून जगभर थैमान घालणारा ‘वॉनाक्राय’ ज्या खिंडारातून शिरला, ते बुजविण्याची तजवीज मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच जाहीर केली होती. इत्तला होती, अंमल नव्हता.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेचा प्रसंग तर अधिक बोलका आहे. बनावट कार्डांनी एटीएममधून मोठ्या रकमा उपसल्या जाण्याचा संभव आहे, असा इशारा अमेरिकेच्या एफबीआयने १० ऑगस्ट २०१८ रोजी बँकांना दिला आणि दुसऱ्याच दिवशी कॉसमॉसचे पैसे २८ देशांतील एटीएमांद्वारे निघू लागले. १३ ऑगस्टला हाँगकाँगकडे वळवलेली रक्कम धरता एकूण सुमारे ९४ कोटी रुपये गेले. एका बँकेची कार्डे काही तासांत इतक्या देशांत वापरली जाणे हे व्यवहारांच्या नोंदींत दिसणारे लक्षण आहे, मात्र त्या नोंदींची तत्क्षणी रुजवात घेणारे कोणीतरी हवे.

अशी पूर्ववार्ता म्हणजे श्रीमंतांची चैन, हाही भ्रमच; केंद्र शासनाच्या ‘सर्ट-इन’ या संगणक-सुरक्षा संस्थेच्या सूचना विनामूल्य मिळतात. तथापि बाहेरची वार्ता एकटी पुरत नाही. पिकांवरील किडींच्या पाहणीच्या ‘क्रॉपसॅप’ प्रकल्पात कृषी खाते किडींच्या नोंदी घेऊन, नुकसानीची पातळी ओलांडली जाताच सल्ला देते, परंतु आपल्या बांधीत उतरून धानाच्या चुडाच्या बुंध्याशी तुडतुडे पाहिल्यावाचून फवारणीचा निर्णय कोणताही जाणता शेतकरी घेत नाही. संगणकांच्या नोंदींचे तसेच आहे. बरे, मध्यरात्री झालेला परका लॉगिन ज्या दप्तरात सापडतो, त्याच दप्तरात भरत आलेली डिस्क आणि मंदावलेला सर्व्हरही आधी दिसतो.

अँटिव्हायरस बसवला म्हणजे बंदोबस्त झाला, असे नाही; कॉसमॉसचे पैसे ग्राहकाच्या संगणकातून नव्हे, एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी देणारी स्विच-यंत्रणा गाठून गेले.

आणि नोंदी म्हणजे जागा अडवणारी अडगळ, असे मानून त्या पुसणाऱ्यांस सांगावयाचे, की २८ एप्रिल २०२२ च्या ‘सर्ट-इन’च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी व शासकीय संस्थांनी त्या १८० दिवस जपावयाच्या आहेत आणि घटना लक्षात येताच ६ तासांत कळवावयाची आहे. आपल्या सर्व्हरवर आज किती दिवसांच्या नोंदी शिल्लक आहेत, एवढे तरी आजच पाहून घ्यावे.